लाल रेषेच्या आत

रागाचं म्हणाल तर तो कायम माझ्या नाकावर असतो, आणि खरं सांगायचं तर एकतीस वर्षं मी त्याच्याच जिवावर पोट भरलं. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर गोड बोलायला लागला की शिकणारा गाडी खांबावर नेतो, असं माझं पक्कं मत आहे. रिव्हर्स शिकवताना तर मी कुणाचीच गय केली नाही. "मान वळवा! मान काय नुसती डोलवायला दिलीय का?" हे माझं वाक्य इतकं गाजलं होतं, की जुने शिकाऊ रस्त्यात भेटले की बोलायच्या आधी मान वळवून दाखवायचे आणि हसायचे.

आणि शेवटी मान गेली ती माझीच. मणके झिजलेत, असं डॉक्टर म्हणाले. आता मागे पाहायचं तर मान वळत नाही, अख्खा माणूस वळवावा लागतो. आमची मुलगी दातांची डॉक्टर आहे. समोरच्यानं आ केला की त्याला उलट बोलता येत नाही, याची तिला सवय झालीय, आणि घरी आली तरी ती तसंच वागते. "बाबा, मान वळत नसताना गाडी मागे घ्यायची नाही. एक तर कॅमेरा बसवून घ्या, नाही तर किल्ली माझ्याकडे द्या," एवढं बोलून ती चपला घालून निघूनही गेली.

किल्ली द्यायची म्हणजे काय, हे तिला काय कळणार. स्कूल बंद केल्यापासून त्या किल्लीशिवाय माझ्याजवळ मास्तरकीचं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी मुलीलाही सांगितली नव्हती आणि बायकोलाही नाही. मानेतली कुठली तरी शीर दबून उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. मुंग्यांचं काही नाही हो, पण मागच्या महिन्यात दोनदा असं झालं, की पाय ब्रेकवर आहे की नाही तेच मला कळेना. एकदा सिग्नलला गाडी आपोआप पुढे सरकली. दुसऱ्यांदा घरी, गाडी लावताना. तेव्हा गाडी थांबली, काही बिघडलं नाही, आणि मी विषय मनातल्या मनात मिटवून टाकला. हे मुलीच्या कानावर गेलं असतं तर कॅमेऱ्याचा प्रश्नच उरला नसता.

म्हणून मी मुकाट्यानं कॅमेरा बसवायला गेलो.

गाड्यांची वायरिंग करणारा आमचा इलेक्ट्रिशियन एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकला. आम्ही त्याला फ्यूज म्हणायचो, कारण पहिल्या दिवशी मी जरा आवाज चढवला आणि हा चौकात गाडीसकट बंद पडला. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत, स्वतःचं गॅरेज आहे, तरी मला बघून अजूनही तो हातातला पान्हा खाली ठेवतो.

"मास्तर, तुम्ही आणि कॅमेरा?" तो म्हणाला.

"हसू नकोस. मुलीची हौस आहे."

त्यानं नंबर प्लेटच्या वर सुपारीएवढी एक काळी टिकली बसवली, डिकीतून वायर पुढे आणली आणि आतल्या आरशाच्या जागी पडदा असलेला नवा आरसा लावला. मी शेजारी उभा राहून चुका काढत होतो. मग त्यानं मला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "आधी तुमच्या पद्धतीनं बघा, मास्तर. मागे काय आहे ते सांगा."

मी डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला. जमेल तेवढा अख्खा वळलो आणि मागच्या काचेतून पाहिलं. "काही नाही. जागा मोकळी आहे."

"आता रिव्हर्स टाका."

मी गिअर टाकला आणि पडदा उजळला. गाडीच्या बरोबर मागे, बंपरपासून हातभर अंतरावर, एक तपकिरी कुत्रं पाय ताणून झोपलेलं होतं. त्याचं पोट वरखाली होत होतं. कानावर माशी बसली तसा कान हलला, तोही दिसला. त्याच्याजवळ पडलेला एक नट आणि जमिनीवरचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता.

एकतीस वर्षं मी ज्या जागेबद्दल भाषणं दिली, ती जागा मी आयुष्यात कधी पाहिलीच नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. गाडी चालवणारा प्रत्येक जण आपल्या पाठीमागे एवढा मोठा अंधार ओढत फिरतो आणि मागे काही नसेल या भरवशावर ब्रेकवरचा पाय सोडतो. मी त्या कुत्र्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. मला त्याचं झोपणंसुद्धा अद्भुत वाटायला लागलं.

"रेषा दिसतात?" फ्यूज म्हणाला. "हिरवी आहे तोवर आरामात या. पिवळीला हळू. लाल रेषेच्या आत काहीही आलं की संपलं, तिथं थांबायचं. ती जागा गाडीचीच समजा."

"कुत्र्याला हाकल आधी," मी म्हणालो. एरवी मी ओरडलो असतो.

घरी लावून बघू म्हणून फ्यूज माझ्या शेजारी बसून आला. आमची गाडी लावायची जागा इमारतीच्या खाली आहे. मागे भिंत, उजवीकडे खांब, डावीकडे दुसरा खांब आणि त्याच्या पलीकडे जिना. उजव्या खांबाशी आरसा जेमतेम चार बोटांनी सुटतो, त्यामुळे गाडी आत घेताना माझे डोळे त्याच खांबावर खिळलेले असतात. आणि गाडी अगदी भिंतीजवळ न्यावी लागते, नाही तर तिचं नाक बाहेरच्या बोळात येतं.

इथं राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते नाक बाहेर राहिलं होतं आणि दुधाच्या टेम्पोनं नंबर प्लेट वाकवून नेली. मागे बायको उभी होती, तिनं घाबरून मला लवकर थांबवलं होतं. मी चार शेजाऱ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. "एवढा साधा अंदाज नाही तुला? तिथं उभी राहून करतेस काय?" दुसऱ्या दिवसापासून तिचा अंदाज कधी म्हणता कधी चुकला नाही. डिकीवर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे बस. बावीस वर्षांत बंपर आणि भिंत यांच्यामधली जागा रोज तेवढीच, आणि गाडीला एक ओरखडा नाही. मुलगी एकदा म्हणाली होती, भिंतीशी लाकडाचा ठोकळा टाकूया, चाक आपोआप अडेल. मी म्हणालो, ठोकळे अडाण्यांसाठी असतात, तुझी आई आहे की. त्या ओरखडा नसलेल्या बंपरकडे बोट दाखवून मी माझ्या शिकाऊंना सांगायचो, याला म्हणतात हात बसणं.

गाडी लावताना ती कुठं असायची? डाव्या आरशात मला तिचा फक्त हात दिसायचा, कोपरापासून पुढचा. उंचीनं ती बेताची, त्यात मागच्या काचेला उन्हाची काळी जाळी आणि कोपऱ्यात अंधार. खांबाच्या आडोशाला, जिन्याच्या बाजूला उभी राहून ती हात लांब करत असणार, असं मी धरून चाललो होतो. धरून चाललो होतो म्हणजे तेवढासुद्धा विचार केला नव्हता.

बोळाच्या वळणावर मी दोनदा हॉर्न दिला. हीही बावीस वर्षांची रीत. दोन हॉर्न ऐकले की ती हातातलं असेल ते टाकून दोन मजले उतरून खाली येते.

मी रिव्हर्स टाकला आणि पडद्यावर आमची भिंत उजळली. माझ्याच घराची भिंत, पण मी ती अशी समोरून कधी पाहिली नव्हती. खाली गटाराचं झाकण होतं, एक मोडका खराटा होता आणि मधोमध भिंतीचा रंग उडून एक गुळगुळीत, काळपट पट्टा पडला होता. मला वाटलं, ओल आली असेल, गवंड्याला बोलवायला हवं.

मग डावीकडून ती पडद्यात आली. हात ओले होते, ते पुसत पुसत आली. खांबापाशी थांबेल म्हणून मी पाहत होतो, पण ती थांबली नाही. सरळ भिंतीच्या मध्यापर्यंत आली, गाडीकडे तोंड करून वळली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं आणि डावा हात बाजूला लांब केला. तिचे खांदे त्या काळपट पट्ट्यात असे बसले, जसं झाकण आपल्या डब्यावर बसतं.

तो पट्टा ओलीचा नव्हता.

"येऊ द्या!" तिचा आवाज आला.

गाडी सरकत होती. हिरवी रेषा तिच्या पायांखाली गेली, मग पिवळी. पडद्यात तिचा चेहरा आता मोठा झाला होता. छत्तीस वर्षांच्या संसारात तिचा हा चेहरा मी पाहिलेला नव्हता. त्यात भीती नव्हती. सुईत दोरा ओवताना माणूस जसा श्वास धरतो, तशी ती श्वास धरून बंपरच्या कडेकडे बघत होती. या कामात ती इतकी तरबेज होती, की बघता बघता मी स्वतःला विसरलो. आणि मग लाल रेषा तिच्या पावलांवर आली.

मी ब्रेक दाबला. दाबला असं मला वाटलं. पाय तिथं आहे का, ते मला कळत नव्हतं. मांडीच्या खाली नुसत्या मुंग्या होत्या आणि पडद्यात माझी बायको होती. हात मात्र माझे शाबूत होते. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला आणि गाडी गचका खाऊन थांबली.

"मास्तर, अजून दीड हात जागा आहे," फ्यूज म्हणाला. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

बाहेरून डिकीवर थाप थाप पडली. बावीस वर्षं नुसती ऐकलेली ती थाप मी पहिल्यांदा पाहिली. ती वाकली, हात पुढे केला आणि माझ्या गाडीवर थोपटल्यासारखं दोनदा मारलं. "अहो, येऊ द्या की! अजून खूप आहे!"

मी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि दाराला धरून बाहेर आलो. माझा आवाज नेहमीसारखा चढेल असं मला वाटलं होतं, पण विचारलं ते अगदी हळू.

"तू इथं उभी असतेस?"

"मग कुठं उभी राहू?" तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

"बावीस वर्षं? इथं? मध्ये?"

"तुम्हीच म्हणालात ना, तुला अंदाज नाही म्हणून. खरंच नव्हता हो. बाजूला उभं राहिलं की मला काही कळायचंच नाही, किती राहिलं नि किती नाही. इथं उभी राहिले की चुकायचा प्रश्नच नाही. बंपर गुडघ्याला लागायला आला की थाप मारायची. माझ्यापुरती जागा राहते, जास्त नाही नि कमी नाही. मग मी अशी आडवी सरकून बाहेर येते." तिनं सरकून दाखवलं. दाखवताना ती जरा खुशीत होती, एखादी घरगुती युक्ती शेजारणीला सांगावी तशी.

"आणि मी ब्रेक दाबला नसता तर?"

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही मास्तर आहात."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्यांना मला उत्तर देता येतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शहरभर लोकांना मी शिकवत होतो, की गाडीच्या मागे माणूस असेल तर चाक हलवायचं नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन रोज तिच्या अंगावर गाडी घालत होतो. ती ज्या भरवशावर तिथं उभी राहायची, त्याची मी कधी चौकशीसुद्धा केली नव्हती.

मग मला तिचा गुडघा आठवला. मागच्या महिन्यात तो काळानिळा पडला होता. पलंगाचा कोपरा लागला, ती म्हणाली होती. मीच मलम चोळलं आणि चोळता चोळता, जरा बघून चालत जा, असं ऐकवलंही. त्या दिवशी गाडी लावताना एक थाप नेहमीपेक्षा जरा खालून आल्यासारखी वाटली होती, तेही आता आठवलं.

"तो पलंगाचा कोपरा नव्हता," मी म्हणालो.

तिनं फ्यूजकडे पाहिलं. तो शहाणा माणूस, लगबगीनं जिन्याकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"त्या दिवशी माझीच थाप उशिरा पडली," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर उगाच मनाला लावून घेतलं असतं. पोरीला कळलं असतं तर तिनं गाडी काढून घेतली असती. गाडी गेली की तुम्ही दिवसभर घरात बसणार आणि मला भाजी चिरायला शिकवणार."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यात पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला मान वळवावी तर ती वळेना.

"थाप उशिरा पडली नाही," मी म्हणालो. "माझा पाय गेलाय. ब्रेकवर आहे की नाही ते मला कळत नाही. महिना झाला. आत्ताही कळलं नाही, हातानं थांबवली."

ती पहिल्यांदाच त्या जागेकडे, गाडी आणि भिंत यांच्यामधल्या त्या जागेकडे, परक्यासारखी बघायला लागली. तिनं हळूच भिंतीवर हात ठेवला.

मी तिला बाजूला केलं आणि स्वतः तिथं जाऊन उभा राहिलो. भिंतीला पाठ लावली. तो गुळगुळीत पट्टा माझ्या खांद्यांच्या खाली आला, तो तिच्या मापाचा होता. सिमेंटची भिंत एका माणसाच्या पाठीनं झिजते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. समोर माझी गाडी उभी होती, बंद, किल्ली माझ्या खिशात, तरी तो बंपर गुडघ्यांसमोर पाहून मी नकळत भिंतीला आणखी चिकटलो. ही बाई रोज इथं उभी राहून एका तापट माणसाला म्हणायची, येऊ द्या. देवळात नाही, डोंगरावर नाही, पण त्या खराट्याशेजारी उभा राहून माझे हात आपोआप जोडले गेले.

"अहो, काय हे! लोक बघतील," ती म्हणाली.

मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या ओल्या हातात ठेवली. त्या दिवशी गाडी फ्यूजनं आत लावली, आणि लावताना आम्ही दोघं जिन्यात, खांबाच्या पलीकडे उभे होतो. संध्याकाळी मी स्वतः मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं, हेही पहिल्यांदाच घडलं.

गाडी विकायची असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. मीच एका सकाळी चहा पिताना बायकोला म्हणालो, "तू शीक."

"या वयात? आणि तुमच्याकडून? त्यापेक्षा मी त्या भिंतीशी उभी राहते."

शेवटी ती शिकली ती माझ्याच एका जुन्या शिष्येकडून, कारण माझ्या हाताखाली शिकणार नाही ही तिची एकच अट होती. चार महिने लागले. सिग्नलला दोनदा बंद पडली, एकदा कुणाची तरी कुंडी फुटली. पण परवाना मिळाला, आणि त्या दिवशी ती एकटी गाडी घेऊन घरी आली. बोळाच्या वळणावरून दोन हॉर्न ऐकू आले. मी हातातला पेपर टाकला आणि कठड्याला धरून एकेक पायरी करत दोन मजले उतरलो.

माझं मन मला खात होतंच. बावीस वर्षांची फेड एका दिवसात होत नाही, पण सुरुवात तरी करावी, असं काहीसं डोक्यात होतं. मी सरळ आत गेलो, भिंतीला पाठ लावली, पोट जमेल तेवढं आत घेतलं आणि हात वर केला. "येऊ दे!"

मागचे दिवे लागले आणि गाडी जागीच राहिली. मी पुन्हा हात हलवला. गाडी तसूभरही हलली नाही. मग दिवे विझले, हँडब्रेकचा करकर आवाज आला, पुढचं दार उघडलं आणि तिनं डोकं बाहेर काढलं.

"अहो, तिथून बाहेर या."

"अगं, तुला अंदाज द्यायला..."

"मला सगळं दिसतंय. तुम्ही लालच्या आत आहात. आधी बाहेर या. तिथं माणूस उभा असताना मी गाडी हलवणार नाही."

मी आडवा सरकत बाहेर आलो आणि जिन्याजवळ जाऊन उभा राहिलो. दिवे पुन्हा लागले. गाडी सावकाश मागे आली आणि भिंतीपासून बरोबर तेवढ्याच जागेवर थांबली, तिच्यापुरत्या. मी त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. तिनं म्हटलेलं ते वाक्य मी एकतीस वर्षं हजारो लोकांना शिकवलं होतं, आणि तिला मात्र एकदाही म्हणालो नव्हतो.